पाचवा पाट

१

हार्ड डिस्क टकटक करायला लागली की ती मरायला टेकली, हे फोटोवाल्याला शिकवावं लागत नाही. मोहने गावातल्या बंद कारखान्यासमोर कल्पिताचा स्टुडिओ. एका सोमवारी सकाळी दहाला तिने शटर वर केलं, उदबत्ती लावली, कॉम्प्युटर चालू केला आणि आवाज आला. टक. जरा थांबून टक, टक.

"आता तू पण?" ती डिस्कला म्हणाली.

तिचं बोलणं असंच, फटकळ. डोंबिवलीत वाढलेली कोकणी घरातली मुलगी. मोहन्याच्या आगरी घरात प्रेमविवाह करून आली, तेव्हा पहिल्याच दिवशी सगळ्यांनी ओळखलं, ही काही नमतं घेणाऱ्यातली नाही. सासरे भिवाशेठ फोटोग्राफर, नवरा नयनही फोटोग्राफर. सासरे गेले ते म्हातारपणाने, रीतसर. नयनचं तसं नाही. साडेतीन वर्षांपूर्वी जुलैच्या पुरात तो उल्हास नदीच्या पुलावर शूटिंगला म्हणून गेला. बाईक सापडली, आरशाला अडकवलेलं हेल्मेट सापडलं, नयन सापडला नाही. तेव्हापासून स्टुडिओ कल्पिता चालवते. तिच्यासमोर कुणी "नयन चांगला होता हो" म्हटलं की ती जागच्या जागी दुरुस्त करते, "आहे." मग समोर गिऱ्हाईक असो नाहीतर इन्स्पेक्टर.

डिस्कवर अकरा वर्षांची लग्नं होती. येत्या रविवारी नयनच्या धाकट्या बहिणीचं, समृद्धीचं लग्न. तिला हळदीच्या कार्यक्रमात पडद्यावर दादाने काढलेले आपले लहानपणापासूनचे फोटो हवे होते, आणि तेही याच डिस्कवर. कल्पिताने धावतपळत नवी डिस्क आणली आणि घाईघाईत एक चूक केली. फोटो-लायब्ररीच्या प्रोग्राममध्ये सगळी फोल्डर नीट लावलेली होती. ती लायब्ररीच्या आतून हलवायची असतात. तिने ती बाहेरूनच उचलली आणि नव्या डिस्कवर टाकली. लायब्ररी बिचारी जुन्याच पत्त्यावर फोटो शोधत बसली.

दुपारी पडद्यावर एकशे बारा फोल्डर होती आणि एकशे बारा प्रश्नचिन्हं. नयनने हौसेने त्या प्रोग्रामची भाषा मराठी करून ठेवलेली. प्रत्येक फोल्डरखाली बारीक अक्षरात लिहिलेलं: 'सापडत नाही.'

कल्पिताने ठाण्याला स्वानंदला फोन लावला. स्वानंद नयनचा कॉलेजपासूनचा दोस्त, खोपटला एसटी डेपोजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान.

"अरे वहिनी, टेन्शन काय घेता?" तो हसला. "फोटो कुठे गेलेले नाहीत. त्याला फक्त जागा सापडत नाहीये. तुम्ही नवी जागा दाखवा, बस. आपोआप येऊन बसतील."

तिने जागा दाखवली. एकेक प्रश्नचिन्ह गेलं, फोटो येऊन बसले. खाली एक पट्टी सरकायला लागली: 'चेहरे पुन्हा शोधत आहे.'

"शोध बाबा," म्हणून तिने शटर ओढलं आणि ती घरी गेली.

२

घरी पंचाईत वेगळीच होती.

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, पण रीती मात्र घरोघरी वेगळ्या. या भावकीत लग्नाच्या मांडवात आधी घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावतात. जितकी गेलेली माणसं मानाची, तितके लाकडी पाट मांडायचे. प्रत्येक पाटावर तांदूळ, सुपारी, नारळ. धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, एकेकाचं नाव घेऊन त्यांना लग्नाला बोलावते. मग सगळ्यांनी मांडवाबाहेर जायचं. पितरांना निवांत बसू द्यायचं. यात भिवाशेठने स्वतःची एक भर घातलेली. लग्नाचा पहिला फोटो या रिकाम्या पाटांचा. मांडवात एकटा फोटोग्राफर, फ्रेममध्ये माणूस नाही. "आधी मानकऱ्यांचा फोटो, मग नवऱ्यामुलीचा," असं ते म्हणायचे. पुढे नयनने ती रीत पाळली, त्याच्यानंतर कल्पिताने. भावकीतल्या प्रत्येक लग्नाच्या फोल्डरमध्ये पहिल्या नंबरचा फोटो पाटांचाच.

सगुणा, कल्पिताची सासू, ओटीवर पाट घासत बसलेली. शेजारी खुर्चीत प्रभाकरनाना, भिवाशेठचे चुलतभाऊ, भावकीतले सगळ्यात वडीलधारे.

"पाट चार मांडाचं का पाच?" सगुणाने वर न बघता विचारलं.

"चार," कल्पिता म्हणाली. "आजोबा, आजी, मोठ्या काकी आणि बाबा. चार."

नानांनी घसा खाकरला. "सूनबाई, साडेतीन वर्षं झाली. पितराला बाहेर ठेवून मांडव उभा करायचा नसतो. पोरीच्या संसाराला बाधतं."

"नाना, पाट मेलेल्या माणसाला असतो. नयनला मेलेला कुणी बघितलाय? तुम्ही बघितलाय? एकदा पाट मांडला की झालं मग. उद्या तुम्ही माझं मंगळसूत्र मागाल, परवा त्याच्या फोटोला हार घालाल. मी नाही मांडू देणार."

"माज कुनाला दाखवतेस गो?" सगुणा एकदम उसळली. मग तिचाच आवाज बसला. "तुजा नवरा सात वरसांचा. माजा पोर पस्तीस वरसांचा. मना सपनान येतो. दाराशी उबा ऱ्हतो. बस बोललं तरी बसत नाय."

कल्पिताला भडभडून आलं, पण ती रडली नाही. आपण रडलो की यांना वाटेल ही मानली, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. तिने सासूच्या हातातलं फडकं घेतलं आणि चार पाट घासून पुसून उभे केले. पाचवा तसाच ठेवला.

३

दुसऱ्या दिवशी लायब्ररीचं काम उरकलेलं. चेहऱ्यांचं पान उघडलं तर ओळीने प्रश्न. हा प्रोग्राम चेहऱ्याभोवती चौकट काढतो आणि विचारतो, ही व्यक्ती अमुक आहे का? खाली तीन बटणं: होय, नाही, नंतर विचारा. कल्पिता 'नंतर विचारा' कधीच दाबत नसे. कामाचा चेंगटपणा तिला खपत नाही.

ती भराभर होय-नाही करत सुटली आणि एका फोटोशी अडली. सहा वर्षांपूर्वीचं लग्न, पहिल्या नंबरचा फोटो. सारवलेली जमीन, तीन पाट, तीन नारळ, माणूस नाही. आणि फोटोवर तीन चौकटी.

तिला हसूच आलं. नारळाला तीन डोळे असतात, शेंडी असते, त्याला चेहरा समजलं यंत्र तर यंत्राचा काय दोष? याच प्रोग्रामने मागे गॅस सिलिंडरला प्रभाकरनाना ठरवलेलं. तिने फोटो मोठा केला.

चौकटी नारळावर नव्हत्या. चांगल्या दोन-अडीच फूट वर होत्या. तीनही चौकटींच्या आत नुसतं मागचं कापड दिसत होतं. मांडी घालून बसलेल्या माणसाचं डोकं जिथे येईल, बरोब्बर तिथे.

मधल्या चौकटीखाली प्रश्न होता: 'ही व्यक्ती रंभा आहे का?'

रंभा ही गावची धवलारीण. जिवंत होती तोवर प्रत्येक मांडवात तिचे डझनभर फोटो निघायचे, तोंड उघडं, हात कानावर. ती वारली त्याच्या पुढच्याच वर्षी तिच्या पुतण्याचं हे लग्न झालेलं. तिचा पाट मधला होता. कल्पिताला पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी रंभाच्या जागी धवला कुणी म्हणायचा यावरून बायकांची चांगलीच जुंपलेली.

बाहेर रिक्षावाले भांडत होते. आत पंखा गरगरत होता. जुनी डिस्क तिने केव्हाच काढून कपाटात टाकलेली, तरी क्षणभर तिला टकटक ऐकू आल्यासारखं झालं. तिने माउसवरून हात उचलला.

४

"सिंपल आहे," फोनवर स्वानंद म्हणाला. "तुम्ही फोल्डर बाहेरून हलवलीत ना? मग आतले नंबर सरकले असणार. एका फोटोची चौकट दुसऱ्या फोटोवर जाऊन बसली. जुनी यादी पुसा आणि एकच फोल्डर घेऊन परत शोधायला लावा."

कल्पिताला हे पटलं. पटायलाच हवं होतं. तिने यादी पुसली, एकच फोल्डर घेतलं, सोबत रंभाचे चार जुने फोटो टाकून त्यांवर हाताने नाव लिहिलं. पट्टी सरकली. तीन पाट, तीन चौकटी. 'ही व्यक्ती रंभा आहे का?'

"हरामखोर," ती पडद्याला म्हणाली आणि उठली.

मागच्या खोलीत पूजेचा पाट होता. तिने तो स्टुडिओच्या फरशीवर मांडला, तांदूळ, सुपारी, नारळ सगळं ठेवलं, तसाच उजेड पाडला आणि वीस फोटो काढले. वीसच्या वीस लायब्ररीत टाकले. एकावरही चौकट आली नाही. नारळाची शंका गेली, उजेडाची गेली, पाटाची गेली. यंत्र चांगलं शहाणं होतं. रिकाम्या पाटाला रिकामा म्हणत होतं.

फरक एवढाच, की या पाटावर कुणी कुणाला नाव घेऊन बोलावलेलं नव्हतं. हा विचार मनात आला आणि कल्पिताने स्वतःच्याच डोक्यात टपली मारली. बीकॉम झालीस ना बये? मग तिच्या लक्षात आलं, इतका वेळ आपण एक गोष्ट टाळतोय. नयन गेल्यानंतर भावकीत दोन लग्नं झालेली. दोन्ही मांडव तिनेच टिपलेले. ती दोन फोल्डर तिने अजून उघडली नव्हती.

५

बुधवारी दुपारी तिने घरच्यांच्या जुन्या फोटोंवर पुन्हा नावं लिहिली आणि ती दोन फोल्डर उघडली. आधी शटर अर्धं खाली घेतलं. कुणी फोटो काढायला येऊन मध्येच टपकू नये म्हणून, असं तिने स्वतःला बजावलं.

पहिलं फोल्डर तीन वर्षांपूर्वीचं. चार पाट. तिने बोट ठेवून चौकटी मोजल्या. एक, दोन, तीन, चार. शेवटच्या चौकटीखाली 'भिवा' होतं. तिने श्वास सोडला. बघा, नाही ना तो! आणि मग तिला फोटोच्या अगदी उजव्या टोकाला, मांडवाच्या शेवटच्या खांबापाशी, पाचवी चौकट दिसली. ती खाली नव्हती, वर होती. उभ्या माणसाच्या उंचीवर. आत नुसता खांब आणि आंब्याची डहाळी.

'ही व्यक्ती नयन आहे का?'

"नाही," ती मोठ्याने म्हणाली आणि बटण दाबलं.

दुसरं फोल्डर गेल्या वर्षीचं. चार पाट, चार चौकटी. पाचवी होतीच, पण शेवटच्या खांबापाशी नव्हती. दोन खांब पुढे आलेली. उभीच.

'ही व्यक्ती नयन आहे का?'

"नाही म्हटलं ना! तू कोण रे मला सांगणार? यंत्र ते यंत्र!" तिने बटण इतक्या जोरात दाबलं की माउस टेबलावरून घसरला. चौकट गेली. दोन सेकंदांनी परत आली. तिने परत नाही दाबलं. परत आली. सात वेळा झालं असं. आठव्यांदा चौकट जरा डावीकडे हलून आली. नयनला फोटोसाठी स्थिर उभं राहणं कधी जमलंच नाही. दुसऱ्यांचे फोटो काढणारा हा माणूस, स्वतःचा काढायची वेळ आली की याची चुळबुळ सुरू. "हलू नको रे, फोटो हलतो," असं ती दर वेळी ओरडायची, आणि तो हसून आणखी हलायचा.

"जेवली नायस ना?"

अर्ध्या शटरखालून वाकून सगुणा आत आलेली, हातात डबा. पडदा झाकायला कल्पिताला वेळच मिळाला नाही. सासूला वाचता येत नव्हतं, पण मांडव ओळखता येत होता आणि चौकटही दिसत होती. ती कितीतरी वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिली. कोण आहे हे तिने विचारलं नाही.

"उबाच हाय," ती म्हणाली. "सगल्यांना पाट, याला नाय. मंग कशाव बसल?"

"आई, हे मशीन चुकतंय. मी डिस्क बदलली ना, त्यामुळे—"

"चुकूं दे मशीन. माजं सपान पन चुकलं?" सगुणाने डबा टेबलावर ठेवला. "जेला जागा नाय तो उबाच ऱ्हवाचा गो पोरी. पाय दुखत असतील त्याचं."

कल्पिताने माउस बाजूला सारला आणि डबा उघडला.

६

रविवारी सकाळी अंगणात मांडव सजला. जमीन शेणाने सारवलेली, अजून ओलसर. समृद्धी हळदीच्या साडीत दारात उभी राहून डोळे पुसत होती. "वहिनी, दादाचं काय ठरलं गं?" तिने हळूच विचारलं. कल्पिताने तिच्या गालाला हात लावला आणि पुढे गेली.

सगुणाने चार पाट मांडले. पाचवा भिंतीला टेकवून ठेवला आणि नव्या धवलारणीला म्हणाली, "याचं नाव तिला घेव दे." मग सुनेकडे बघितलं. "तुज्यावर सोडलं."

धवला झाला, चार नावं घेतली गेली. माणसं बाहेर गेली. मांडवात एकटी कल्पिता, गळ्यात कॅमेरा. नऊ वाजलेले, लख्ख ऊन, बाहेर बेंजोवाले वाद्यं जुळवत होते. तरी मांडवात अशी शांतता, की स्वतःचा श्वास ऐकू यावा. तिला पाठीमागे बघायची भीती वाटत होती. भीती वाटतेय याचाच तिला संताप आला.

आठवडाभर तिच्या डोक्यात दोनच गोष्टी झगडत होत्या. पाट मांडला, तर तो मेला. नाही मांडला, तर तो असाच उभा, मांडवामागून मांडव. आणि मधेच स्वानंदचं ते बोलणं, फोटो कुठे गेलेले नाहीत, नवी जागा दाखवा.

तिने पाचव्या पाटाला हात लावला नाही. ती मंडपवाल्याच्या खुर्च्यांच्या ढिगाकडे गेली, एक लाल प्लास्टिकची खुर्ची ओढून काढली, ओढणीने पुसली आणि आणून चार पाटांपासून चांगली लांब, खांबाशेजारी, नवरीच्या चौरंगाकडे तोंड करून ठेवली.

"पाट मेलेल्यांना," ती म्हणाली. चांगलं मोठ्याने म्हणाली. "लग्नाला आलेलं माणूस खुर्चीत बसतं. बहिणीचं लग्न आहे तुझ्या. मी सुपारी ठेवणार नाही, तांदूळ ठेवणार नाही, तुला कै. म्हणणार नाही. बसायचं तर इथे बस."

तिने फोटो काढला. दहा आकडे मोजले. आणखी एक काढला.

ओटीवर लॅपटॉप ठेवलेला होता. दोन्ही फोटो लायब्ररीत गेले. पट्टी सरकली. पहिल्या फोटोत पाटांवर चार चौकटी, आणि पाचवी खुर्चीमागे, उभी. दुसऱ्या फोटोत पाटांवर चारच. पाचवी खाली आलेली. खुर्चीच्या पाठीच्या जरा वर, बसलेल्या माणसाच्या उंचीवर.

'ही व्यक्ती नयन आहे का?'

होय म्हणावं, तर पाटांवरच्या मेलेल्यांच्या ओळीत तिने त्याला आपल्या हाताने नेऊन बसवलं. नाही म्हणावं, तर त्याला भर मांडवातून उठवलं. कल्पिताचं बोट दोन्ही बटणांवरून फिरलं. मग तिने दाबलं ते तिसरं, आजवर कधी न दाबलेलं. 'नंतर विचारा.'

"नंतर म्हणजे नंतर," ती म्हणाली. "घाई कुणाला आहे?"

तिने लॅपटॉप मिटला आणि ती मांडवात परत आली, तर प्रभाकरनाना आधीच आत शिरलेले. "ही एकटी खुर्ची काय मध्येच? चौरंगापाशी नवऱ्याच्या मामाला हवीय," म्हणत ते खुर्चीच्या हाताला धरून ती उचलायला गेले. खुर्ची उचलली गेली नाही. त्यांनी दोन्ही हात लावले. अडीच किलोची प्लास्टिकची खुर्ची जागची हलेना. नानांनी खाली बघितलं, कल्पितानेही बघितलं. खुर्चीचे चारही पाय बाहेरच्या बाजूला फाकलेले आणि चांगले तीन बोटं ओल्या जमिनीत रुतलेले.

"राहू द्या नाना," कल्पिता म्हणाली. "तिथे माणूस आहे."

नाना हात सोडून मागे सरले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडलेला. मागून सगुणा आली. तिने खुर्चीचे पाय बघितले, सुनेकडे बघितलं. मग भिंतीला टेकवलेला पाचवा पाट तिने काखेत मारला आणि आत नेऊन माळ्यावर टाकला. येताना पाण्याचा तांब्या घेऊन आली, आणि पाहुण्यापुढे ठेवतात तसा खुर्चीशेजारी ठेवला.

बाहेर बेंजो सुरू झाला. माणसं मांडवात यायला लागली, समृद्धीला धरून बायका चौरंगाकडे निघाल्या. कल्पिताने कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात तिच्या पाठीशी, अगदी दोन हातांवर, प्लास्टिक करकरलं. पाय मोकळे करत माणूस खुर्चीत सैल बसतो, तसं.

तिने वळून बघितलं नाही.

"हलू नको रे," ती म्हणाली. "फोटो हलतो."